फॉरवर्ड होऊन येणारा वाचक



"काकी, तुम्ही लेखाच्या शेवटी 'आवडल्यास जरूर शेअर करा' असं का लिहीत नाही?" हा प्रश्न मला स्थानकात, लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाडीवर, अगदी सगळीकडे विचारून झालाय. विचारणाऱ्या बहुतेक माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांना वाटतं, वय झालं, हिला जमत नसेल. तसं काही नाही. बटण कुठे असतं ते मला माहीत आहे. मी मुद्दामच लिहीत नाही, आणि का ते आज सविस्तर सांगते. दुसरी बाजूही सांगणार आहे, कारण ती खोटी नाही.

आधी हिशेबाचं बोलते. बी.कॉम.ची पदवी लग्नानंतर कपाटातच राहिली, पण डोक्यातलं खातेवहीचं वेड काही गेलं नाही. आमचं किराणा दुकान पुणे-नगर रस्त्यालगत होतं. सणसवाडीत कारखाने यायच्या आधीपासूनचं. सासरे गल्ल्यावर बसायचे तेव्हा गिऱ्हाइकांचे दोन प्रकार सांगायचे. एक रस्त्याचं गिऱ्हाईक आणि एक वहीतलं गिऱ्हाईक. संकष्टीला रांजणगावच्या महागणपतीला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागायची. लोक उतरायचे, पाण्याची बाटली, बिस्किटचा पुडा, नारळ, अगरबत्ती घ्यायचे आणि जायचे. त्या दिवशी गल्ला भरून वाहायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच आपले गावातले. अर्धा किलो साखर, पाव किलो तूरडाळ, "वहीत लिहा". सासरे म्हणायचे, संकष्टीच्या गल्ल्यावर दुकान वाढवू नका. माल मागवायचा तो वहीतल्या माणसांसाठी.

लिहिण्याचंही तसंच आहे. मी लिहिते ते रोज साधारण दीडशे-दोनशे जणी वाचतात. त्यातल्या कितीतरी जणी मला नावाने माहीत आहेत. कुणी शिरूरची, कुणी केडगावची, कुणी मुलाकडे न्यू जर्सीला राहायला गेलेली आणि तिथून रात्री उशिरा वाचणारी. मग एखादे दिवशी एखादा लेख कुठल्यातरी ग्रुपवर पडतो आणि आकडा एकदम नऊ हजारांवर जातो. सून धावत येऊन मोबाइल दाखवते. घरात पेढे वाटायचेच तेवढे बाकी राहतात. आठ दिवसांनी पाहावं तर पुन्हा एकशे साठ. नऊ हजारांतले दहाबारा जण मागे राहिले असतील तर राहिले. बाकीच्यांनी मला नाही वाचलं, त्यांनी एक मेसेज वाचला. त्याच्यानंतर त्यांनी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल पाहिलं आणि त्यानंतर कुणाच्या तरी नातवाचा नाच.

याला गर्दी म्हणावं. वाचक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण थांबा. एवढ्यावर निकाल द्यायचा असता तर हा लेख चार ओळींत संपला असता. मला अडवणारी एक गोष्ट घडलेली आहे, ती सांगते.

काही वर्षांपूर्वी मी ४३६ रुपयांवर एक लेख लिहिला होता. अनेकांच्या बँक पासबुकात मे महिन्याच्या अखेरीला ४३६ रुपये कापल्याची नोंद असते. ते पैसे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे. २०१५ साली सुरू झालेली योजना. आधी हप्ता ३३० रुपये होता, जून २०२२ पासून ४३६ झाला. १८ ते ५० वयाच्या खातेदाराला नाव घालता येतं, हप्ता भरत राहिलं तर विमा ५५ वर्षांपर्यंत चालतो, आणि माणूस कोणत्याही कारणाने गेला तरी वारसाला दोन लाख रुपये मिळतात. दुसरी एक, अपघात विम्याची, तिचे वर्षाला २० रुपये कापले जातात, पूर्वी १२ कापायचे. आता गंमत बघा. खातं उघडताना किंवा शिबिरात कुणीतरी फॉर्मवर सही घेतो. माणूस विसरतो. बायकोला तर कधी सांगितलेलंच नसतं. तो गेल्यावर बँकेत कुणी क्लेम करत नाही, कारण विमा होता हेच घरात ठाऊक नसतं. बँक काही घरी येऊन विचारत नाही. आमच्या भागात कंपन्यांत कंत्राटावर काम करणारी मुलं किती आहेत! मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची, उत्तर प्रदेशची. भाड्याच्या खोलीत राहतात, पगार बँकेत होतो, हे हप्ते आपोआप कापले जातात. म्हणून मी लिहिलं होतं की घरातल्या बाईने नवऱ्याचं पासबुक वर्षातून एकदा, जूनमध्ये, भरून आणावं आणि ४३६ आणि २० हे दोन आकडे शोधावेत. आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारावी आणि पासबुक कुठे ठेवलंय ते मुलांना सांगावं.

हा लेख फिरला. कुणीतरी माझं नाव काढलं, वरचा अर्धा भाग काढला (त्यात मी दुकानाच्या गप्पा मारल्या होत्या, त्या कापल्या त्याचं मला फारसं दुःख नाही), आणि फक्त उपयोगाचा मजकूर ग्रुपवर टाकला. पुढे वर्षभराने दौंड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताई आमच्याकडे पापडांच्या ऑर्डरसाठी आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी गटातल्या एका बाईची हकिगत सांगितली. नवरा इकडेच एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता, झोपेतच गेला, वय छत्तीस. ती दोन मुलं घेऊन माहेरी आली. ग्रुपवर तो मेसेज आला, तिने पत्र्याच्या पेटीतून पासबुक काढलं, तर ४३६ ची नोंद. मृत्यूचा दाखला, फॉर्म, स्वतःचं पासबुक, असं करत दोन-तीन फेऱ्यांत काम झालं. दोन लाख आले. तिने शिलाईचं मशिन घेतलं आणि बाकीचे मुलीच्या नावाने ठेवले.

"तो मेसेज कुणी लिहिलेला काय माहीत," त्या ताई म्हणाल्या, "पण 'पेन्सिलने रेघ मारा' असं लिहिलं होतं बघा, ते आमच्या सगळ्यांच्या लक्षात राहिलं."

मी काही बोलले नाही. चहात साखर किती घालू, एवढं विचारलं.

आता सांगा, माझ्या दीडशे वाचकांपैकी ती बाई कधी झाली असती का? तिच्याकडे साधा फोन, रिचार्ज संपलेला. लिंक उघडून वाचणं हे तिच्यासाठी कामच. तिच्यापर्यंत जे पोचतं ते ग्रुपवर लिहिलेलं, तिथल्या तिथे वाचता येणारं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट गरिबाच्या हातात गेलं असं आपण म्हणतो, पण त्याच्या हातात इंटरनेट म्हणून गेलं ते व्हॉट्सअ‍ॅपच. म्हणजे फॉरवर्ड करणाऱ्या त्या अनोळखी माणसाने माझं नाव काढून जे केलं ते बारीक हिशेबाने चोरी, आणि जमाखर्च मांडला तर मोठं पुण्याचं काम. या दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत. मला त्यातली कुठलीच खोडता येत नाही.

दुसरा लेख मात्र माझं नाव घेऊन फिरला.

चैत्रातल्या ओळीच्या आधी मी आयंबिलवर लिहिलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नवपदाची ओळी चैत्रात आणि आश्विनात असते, नऊ दिवस. आयंबिलात दिवसातून एकदाच बसून जेवायचं. दूध, दही, तूप, तेल, साखर-गूळ काही नाही. उकडलेलं धान्य, डाळी, बिनफोडणीचं, पाणी उकळलेलं. लेखात मी उडदाचं, मुगाचं, ज्वारीचं काय काय करता येतं ते दिलं होतं, आणि नवीन सुनांना हे जेवण शिक्षा वाटू नये म्हणून चार युक्त्या सांगितल्या होत्या. शेवटी स्पष्ट लिहिलं होतं की ज्यांना मधुमेह, रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, तपस्या शक्तीप्रमाणे असते.

महिन्याभरात तोच लेख माझ्याच नावाने मला परत आला. शेवटची डॉक्टरांची ओळ गायब. तिच्या जागी ठळक अक्षरांत, "नऊ आयंबिल करा, शुगर मुळापासून जाईल, गोळी बंद करून अनुभव घ्या." खाली माझं नाव आणि गाव. कुणी घातलं, का घातलं, देव जाणे. पैशासाठी नसणार. एखाद्या भाविक माणसाला वाटलं असेल की तपस्येचा महिमा जरा वाढवून सांगावा.

आमच्याच नात्यातल्या, नगरकडच्या, सत्तरीच्या भाभींनी ते वाचलं. माझं नाव पाहिलं, "आपल्या माणसाने लिहिलंय" म्हणून विश्वास ठेवला. गोळ्या बंद. सातव्या दिवशी त्यांना चक्कर, उलट्या, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा साखर पाचशेच्या जवळ. चार दिवस अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या. त्यांच्या मुलाने मला फोन केला तेव्हा तो रागात होता आणि त्याचा राग रास्तच होता, फक्त पत्ता चुकलेला होता. मी त्याला माझा मूळ लेख पाठवला. त्याने वाचला, नंतर फोन करून बोललाही नीट. पण तो बदललेला मेसेज आजही कुठेतरी फिरतोय. वर्षातून दोनदा, ओळीच्या आधी, तो हमखास परत येतो. मी त्याला परत बोलावू शकत नाही. वहीत चुकीची नोंद झाली तर उलटी नोंद घालून ताळेबंद जुळवता येतो. या वहीला तशी सोय नाही.

म्हणजे बघा, ज्या लेखाने भलं केलं त्यावर माझं नाव नव्हतं, आणि ज्या मजकुराने एका म्हातारीचा जीव जायचा तो माझ्या नावाने फिरला. नाव राहिलं म्हणजे न्याय झाला आणि नाव गेलं म्हणजे अन्याय, असं मी आधी धरून चालले असते तर या दोन गोष्टींनी ते पार मोडून काढलं असतं. खरी अडचण नावाची नाही. मजकुराला कुणीही हात लावू शकतं आणि वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो, ही अडचण आहे.

मराठीत तर याचा कहर आहे. पु. ल. देशपांडे १२ जून २००० ला गेले, कुसुमाग्रज त्याच्या आदल्या वर्षी, व. पु. काळे २००१ मध्ये. व्हॉट्सअ‍ॅप निघालं २००९ मध्ये. तरी दर पावसाळ्यात "पुलंनी किती छान म्हटलंय" म्हणून मजकूर येतो आणि त्यात मोबाइलची बॅटरी असते! व.पुं.च्या नावावर इतकी सुविचारं फिरतात की बिचाऱ्यांना गोष्टी लिहायला वेळ कधी मिळाला असेल असं वाटावं. हसण्यावारी नेतो आपण. पण त्यात दोघांचं नुकसान आहे. ज्या कुण्या शिक्षिकेने किंवा गृहिणीने ती कविता खरंच रात्री जागून लिहिली असेल, तिचं नाव कायमचं गेलं. आणि पुलंना न शोभणारी वाक्यं पुलंच्या खात्यावर जमा झाली. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेखकाचं नाव लावण्याचा आणि मजकुराची मोडतोड न होऊ देण्याचा हक्क त्यात लेखकाला दिलेला आहे, अगदी हक्क विकले तरी. पण नऊ हजार मोबाइलवर कुठे कुठे दावा लावणार?

कायदा राहू द्या. आपण रोज प्रतिक्रमणात काय म्हणतो ते आठवा. पाप तीन प्रकारे लागतं, स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं. मी लहानपणी आजीला विचारायचे, की मी काही केलंच नाही, नुसतं "बरं झालं" म्हटलं तर मला कसलं पाप? आजी म्हणायची, मोठी झालीस की कळेल. ते मला साठाव्या वर्षी मोबाइलवर कळलं. फॉरवर्ड म्हणजे अनुमोदनच की! "मी नाही लिहिलं, आलं तसं पाठवलं" हे वाक्य आपल्या धर्मात चालतच नाही. दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणं. रहस्याभ्याख्यान आहे, म्हणजे कुणाची गुप्त गोष्ट उघड करणं. कुणाच्या घरातल्या भांडणाचे स्क्रीनशॉट फिरवणाऱ्या आपल्याच मंडळींनी हा पाठ डोळे मिटून म्हटलेला मी पाहिलाय. आणि तिसरं व्रत अदत्तादानाचं, न दिलेलं घेणं. नाव काढून लेख पाठवणं दुसरं काय आहे? (संवत्सरीला एकच चित्र शंभर जणांना पाठवून मिच्छामि दुक्कडम् उरकणाऱ्यांबद्दल मी वेगळं लिहीन. ज्याच्याशी खरंच बिनसलंय त्याला नेमकं ते चित्र जात नाही, एवढंच आज म्हणते.)

हे मी स्वयंपाकघरात बसून फार ताणतेय असं वाटत असेल, तर मी राहते ते गाव कुठलं ते आठवा.

१ जानेवारी २०१८. कोरेगाव भीमाच्या लढाईला दोनशे वर्षं झाली म्हणून विजयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक आले होते. त्या दिवशी कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात दगडफेक झाली, जाळपोळ झाली, गाड्या आणि दुकानं जळाली, एका तरुणाचा जीव गेला. कुणी काय केलं यावर चौकशी आयोग बसला, कोर्टात खटले चालले, त्यावर मी बोलणार नाही. मी फक्त त्या पुढच्या आठवड्याबद्दल सांगते. आम्ही शटर ओढून घरात बसलेलो आणि हातात मोबाइल. बाहेर रस्त्यावर काय चाललंय ते खिडकीतून दिसत होतं त्यापेक्षा मोबाइलमध्ये जास्त भयंकर दिसत होतं. कुठले व्हिडिओ कुठले होते देव जाणे. नात्यातले लोक जळगावहून, चेन्नईहून फोन करून आम्हाला आमच्याच गावाच्या बातम्या सांगत होते! पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या दारात बसणारी माणसं त्या आठवड्यात एकमेकांकडे बघेनाशी झाली होती. त्या जखमा गावाने पुढे मेहनतीने भरल्या. दर डिसेंबरच्या अखेरीस पोलीस अजूनही बजावतात की आक्षेपार्ह मजकूर पसरवू नका. आमच्या गावात हा सल्ला कुणी हसण्यावारी नेत नाही.

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून त्या भागात फिरत होती. २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. पण जन्मठेप मारणाऱ्यांना. ज्यांनी "काळजी घ्या, मुलांना सांभाळा" म्हणून तो मेसेज दहा ग्रुपवर टाकला त्यांना काही नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मनात खरोखर काळजीच असणार. तेच तर अवघड आहे.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन घातलं. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ते सगळ्या जगाला लागू केलं, आणि एप्रिल २०२० मध्ये जे खूप वेळा फिरून आलंय ते एका वेळी एकाच ठिकाणी. त्यानंतर अशा मेसेजचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं त्या कंपनीनेच सांगितलं. यात एक शिकण्यासारखं आहे. कुणाला काही पाठवायला बंदी केली नव्हती. फक्त एक-एक करून पाठवायला लावलं. एवढ्या कष्टानेच सत्तर टक्के लोकांचा उत्साह मावळला! म्हणजे तो मजकूर किती गरजेचा होता ते कळलं. आणि पाचाचा हिशेबही करून बघा. पाच जणांनी पाच जणांना, असं सहाव्या पायरीला १५,६२५ होतात. चक्रवाढ व्याज ज्याने शाळेत शिकलंय त्याला हे सांगायला नको.

लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक तोटा आहे, तो कुणी बोलत नाही. गर्दीची चटक. माझ्या सुनेने एकदा मला बसवून दाखवलं की कुठले लेख फिरतात. सासू-सुनेच्या कुरबुरीवरचे फिरतात. "आजच्या मुलींना काय झालंय" असं काही असेल तर धावतात. कशावर तरी चिडलेले असले तर विचारूच नका. आणि सामायिकात मन का लागत नाही यावर मी पंधरा दिवस विचार करून लिहिलेला लेख, तो एकशे चौदा जणींनी वाचला. पण त्यातल्या अकरा जणींनी पत्रासारखी मोठमोठी उत्तरं पाठवली, एकीने तर वहीच्या कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला. मी जर आकड्याकडे बघून लिहायला लागले तर वर्षभरात मी सुनांना नावं ठेवणारी बाई होऊन बसेन. माझी सून चांगली आहे हो! तिला नावं ठेवून नऊ हजार मिळवायचे म्हणजे फारच महाग पडेल.

शिवाय ही दुकानं भाड्याची. मालक कधी कुलूप घालील सांगता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की आता माणसाला मित्र-नातेवाइकांचं आधी दिसेल, पानांचं नंतर. जगभर ज्यांचा वाचक तिथून यायचा त्यांच्या दारातला रस्ताच वळवला गेला. आमच्याकडे बायपास झाला की जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांचं जे होतं तेच. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात टिकटॉक गेलं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतली मुलं-मुली त्यावर नाव कमावून बसली होती, लाखालाखांनी बघणारे. एका रात्रीत दुकान, माल, गिऱ्हाईक सगळं गेलं. कॅनडात १ ऑगस्ट २०२३ पासून फेसबुकवर बातम्या दिसेनाशा झाल्या, कारण सरकारने कायदा केला आणि कंपनीला पैसे द्यायचे नव्हते. तिथल्या छोट्या गावांच्या वर्तमानपत्रांचं काय झालं असेल? ज्याने आपली वही स्वतःकडे ठेवली, म्हणजे वाचकांचे पत्ते, फोन, ओळखी, तो टिकतो. बाकीच्यांनी संकष्टीच्या गल्ल्यावर माडी बांधलेली असते.

आता एक गोष्ट, जी आपल्याच काही मंडळींना आवडणार नाही. मागच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण, जिला लोक माधुरी म्हणतात, ती न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारात नेली. १९९२ पासून ती मठात होती. तिला निरोप देतानाचे व्हिडिओ घराघरांत पोचले. माझ्याकडे दिवसाला वीसदा आले असतील. त्यातून केवढं मोठं जनमत उभं राहिलं! लाखोंच्या सह्या झाल्या, ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत लोक पायी गेले, जैन-अजैन सगळे, आणि शांततेने. काही दिवसांत वनताराने नांदणी भागातच पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवली. शेअर करण्याची ताकद बघायची तर हे उदाहरण घ्या. एका लहान गावाचं दुःख मुंबई-दिल्लीला ऐकावं लागलं.

पण त्या वीस व्हिडिओंपैकी एकातही नव्हतं की मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलैला आदेश का दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो का उचलून धरला. समितीच्या पाहणीत तिच्या पायाची दुखणी, संधिवात, एकटेपणाने तिची झालेली अवस्था हे सगळं नोंदलेलं होतं. माझंही मन भरून आलं होतं, मीही रडले. पण अहिंसा ज्यांच्या घरात पहिलं व्रत आहे त्यांना हत्तिणीचा पाय दुखतोय हे सांगायला नको होतं का? ते कळल्यावरही लोक चालले असते, कदाचित "तिला इथेच चांगले उपचार द्या" असं पहिल्या दिवसापासून म्हणत चालले असते. रडवणारा भाग फिरतो आणि विचारात पाडणारा भाग मागे राहतो, तो कुणी खोटं बोलल्यामुळे नव्हे. दुसरा भाग लांब असतो म्हणून.

तेव्हा माझं मत विचाराल तर ते असं आहे. पसरणं वाईट नाही. आपलं लिहिणं कुणाच्या कामी येत असेल तर ते माझ्या दीडशे जणींतच अडवून धरण्यात काय अर्थ? पण सगळ्या प्रकारचं लिहिणं पसरण्यासाठी नसतं, आणि हे लिहिणाऱ्याने आधी ठरवायला हवं, पाठवणाऱ्यावर सोडू नये. आकडे, तारखा, फॉर्म, कुठे जायचं, कागद कोणते, असली माहिती मी आता मुद्दाम छोट्या मजकुरात वेगळी लिहून देते, कुठल्याही साध्या फोनवर वाचता येईल अशी. तिच्यावर माझं नाव गेलं तरी चालेल. फक्त तारीख मी पहिल्याच वाक्यात घालते, खाली नाही, कारण खालची ओळ सगळ्यांत आधी कापली जाते. दोन वर्षांनी कुणाला मिळालं तरी कळावं की हप्ता तेव्हा इतका होता.

तब्येतीचं, औषधपाण्याचं, उपवासाचं मी असं तोडून देत नाही. त्यात सूचना मधोमध, कृतीच्याच वाक्यात गुंफते. "डॉक्टरांना विचारून ज्यांनी गोळ्यांची वेळ ठरवून घेतली आहे त्यांनी मूग रात्री भिजवावेत", असं. वाचायला जरा अडखळतं, सून हसते, पण ते काढायचं तर कृतीही मोडावी लागते. आणि घरातलं, मनातलं, कुणाच्या दुःखातलं जे आहे ते जिने यायचं तिने दारातून यावं आणि बसून वाचावं. त्याखाली "शेअर करा" मी लिहिणार नाही.

तुमच्याकडून मागते ते एवढंच, की माझ्या नावाचं काही तब्येतीबद्दल आलं आणि त्यात "गोळी बंद करा" असेल, तर ते माझं नाही. ज्याने पाठवलं त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच करा. मी तसंच करते. आतापर्यंत तेरा जणांना केले. नऊ जणांनी ऐकून घेतलं, दोघांनी "मी काय, आलं तसं पाठवलं" म्हणून ठेवून दिला, आणि दोघांनी उलट मलाच विचारलं की तुम्ही त्याच का, मग गुडघेदुखीवर काही आहे का?

आणि हो, जून आला की पासबुक भरून आणायचं विसरू नका. ४३६ आणि २०. पेन्सिल घरात असतेच.